वाचकांचे प्रश्न : पक्षी, कॅमेरा आणि घरट्यापासूनचे अंतर

गेल्या अंकात पक्षी व वन्यजीव छायाचित्रणाच्या छंदाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, हल्याळ अशा निरनिराळ्या भागांतून आलेल्या पत्रांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी नंदगडची असून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. मोबाइलवर काढलेल्या फोटोत पक्षी मोहरीएवढा दिसतो. बाबांनी कॅमेऱ्यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी दाखवली आहे. काय घ्यावे?

उत्तर : या रकमेत नवा कॅमेरा आणि लांब पल्ल्याची नवी लेन्स या दोन्ही गोष्टी बसणार नाहीत, म्हणून वापरलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स असा संच पाहावा, असे मी सुचवेन. निकॉनच्या लहान सेन्सरच्या (आतील प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या) कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स सुमारे ४५० मिलिमीटरइतकी, तर कॅननच्या तशाच कॅमेऱ्यावर ४८० मिलिमीटरइतकी जवळीक देते, आणि सुरुवातीला ती पुरते. लेन्स न बदलता प्रचंड झूम देणारे कॅमेरेही बाजारात आहेत. उघड्या माळावर, लख्ख उन्हात त्यांचे काम चांगले होते. मात्र त्यांचा सेन्सर नखाएवढा असल्याने आपल्या खानापूरच्या रानातल्या सावलीत त्यांची चित्रे रवाळ येतात. आपण राहता तो भाग पाहता तो पर्याय मला योग्य वाटत नाही.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर आजवर किती वेळा उघडले गेले आहे, तो आकडा विचारून घ्यावा. लेन्सच्या एका टोकाकडून विजेरीचा प्रकाश पाडून दुसऱ्या टोकाकडून आत पाहावे. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी असते आणि अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

याआधी एक गोष्ट मात्र करावी. बाबांनी दिलेल्या रकमेतून प्रथम ८ बाय ४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) एक बरी दुर्बीण घ्यावी आणि निदान दोन महिने कॅमेऱ्याविना हिंडावे. कोतवाल कोणत्या तारेवर बसतो, भक्ष्यावर झेप घेऊन पुन्हा त्याच जागी येतो का, वेडा राघू पकडलेली मधमाशी फांदीवर आपटून तिची नांगी कशी काढतो, हे ज्याने नीट पाहिले आहे, त्याला पुढची हालचाल आधी कळते. चित्र मिळते ते त्या अर्ध्या सेकंदाच्या आगाऊ जाणिवेमुळे. लेन्स महाग असली म्हणून ती जाणीव आपोआप येत नाही.

प्रश्न : निवृत्तीनंतर हा छंद लागला. येळ्ळूरच्या शिवारात रोज सकाळी जातो. बगळ्याचा फोटो काढला की तो पांढरा डाग होतो, पिसे दिसतच नाहीत; आणि कोतवालाचा काढला की काळा ठिपका. कॅमेरा बिघडला आहे का? शटरचा वेग किती ठेवावा? — एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे. चौकटीत जे काही दिसते त्याची सरासरी मध्यम राखाडी असावी, असे गृहीत धरून तो प्रकाश मोजतो. भातकापणीनंतर मसुरासाठी नांगरलेल्या आपल्या काळ्या जमिनीवर एक गायबगळा उभा असेल, तर चौकटीचा बहुतेक भाग काळा असतो. कॅमेरा तो काळेपणा उजळायला जातो आणि त्या भरात बगळा जळून पांढरा होतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करण्याची सोय, उणे ठेवावे. उणे दोन-तृतीयांशापासून सुरुवात करून गरजेनुसार उणे दीडपर्यंत जावे. कोतवाल विजेच्या तारेवर बसलेला असतो आणि त्याच्यामागे उजळ आकाश असते, तेव्हा नेमके उलट घडते. तिथे अधिक एक ते अधिक दीड इतकी भर घालावी लागते. आकाश त्यात पांढरे पडेल, ते पडू द्यावे. कोतवालाच्या अंगावरची निळसर झाक आणि त्याचा डोळा दिसणे अधिक महत्त्वाचे आहे.

येथे बहुतेक जण एक चूक करतात. ‘पांढऱ्या पक्ष्याला उणे, काळ्याला अधिक’ असे सूत्र पाठ करून ठेवले, तर ते फसते, कारण निर्णय पक्ष्याच्या रंगावर नसून चौकटीत काय जास्त आहे यावर अवलंबून असतो. पावसाळ्यात तेच शेत पाण्याने भरलेले असते, त्यात ढगाळ आकाशाचे प्रतिबिंब असते आणि बगळा जवळ उभा राहून निम्मी चौकट व्यापतो. अशा वेळी उणे केल्यास बगळा मळकट राखाडी येतो, म्हणून थोडी भरच घालावी लागते. दरवेळी पडद्यावर चित्रातील उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) पाहावा; त्यात डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग असतो. त्याचा ढीग उजव्या काठाला आदळून कापला गेला असेल, तर पिसांचा तपशील कायमचा गेला असे समजावे. चित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली माहिती जशीच्या तशी ठेवून, घेतल्यास घरी संगणकावर थोडीफार दुरुस्ती करता येते, पण जळालेला भाग त्यातूनही परत येत नाही.

शटरविषयीही आपण विचारले आहे. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरते, उडणाऱ्या बगळ्याला १/१६०० आणि वेड्या राघूसारख्या चपळ पक्ष्याला १/२५०० तरी हवे. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा आपला हात स्थिर करते, पक्ष्याचे पंख नव्हे. आणि शक्य असेल तेव्हा बांधावर खाली बसावे. उभ्याने काढलेल्या चित्रात पक्ष्याची पाठ आणि चिखल येतो. त्याच्या डोळ्यांच्या पातळीला उतरल्यावर मागचे शिवार धूसर होऊन पक्षी उठून दिसतो. गुडघ्यांची तक्रार असल्यास लहानशी घडीची खुर्ची न्यावी.

प्रश्न : धुपदाळच्या करकोच्यांचे फोटो काढायला गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये दुपारी गेलो होतो. करकोचे दिसले, पण सगळी चित्रे थरथरल्यासारखी आली, आणि जवळ जाताच थवा उडाला. वेळ व पद्धत सांगावी. — एक वाचक, संकेश्वर

उत्तर : घटप्रभा पक्षी अभयारण्य १९७४ मध्ये घोषित झाले असून धुपदाळच्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यामुळे अडलेले पाणी आणि त्यातील बेटे हा त्याचा गाभा आहे. तेथे हिवाळ्यात येणारा कांड्या करकोचा हा जगातील सर्व क्रौंचांमध्ये आकाराने सर्वांत लहान असून, मध्य आशियातील गवताळ प्रदेशात वीण करून तो हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतो. डोळ्यामागून निघालेला पांढऱ्या पिसांचा झुबका आणि छातीवर लोंबणारी काळी पिसे यांवरून तो ओळखावा. काही वर्षी पांढरे करकोचेही तेथे दिसतात.

आपली चित्रे थरथरली ती हातामुळे नव्हे. दुपारी तापलेल्या जमिनीवरून आणि पाण्याच्या काठावरून वर जाणारी हवा दूरच्या वस्तूचे रूप हलवते. हा दोष महागड्या लेन्सनेही जात नाही, उलट जास्त झूममध्ये तो अधिक दिसतो. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे सकाळी लवकर जाणे आणि अंतर कमी असेल तेव्हाच बटण दाबणे.

अंतर कसे कमी करावे, हाच खरा प्रश्न आहे. करकोचे सकाळी आसपासच्या कापणी झालेल्या शेतांत दाणे टिपायला जातात आणि ऊन वाढल्यावर पाण्याकाठी विश्रांतीला येतात. त्यांचा पाठलाग न करता, ते ज्या बाजूने परततात तिथे त्यांच्या आधी जाऊन बसावे. झुडपाच्या आडोशाला, मातकट रंगाचे कपडे घालून, हालचाल न करता तासभर बसणाऱ्या माणसाला ते हळूहळू ओळखीचा भाग मानू लागतात. थव्यातील एकाने चरणे थांबवून मान ताठ केली की आपण थांबावे. तिघाचौघांनी माना वर करून एका दिशेने चालायला सुरुवात केली, तर आपण मर्यादा ओलांडली आहे असे समजून मागे सरावे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते आणि आपण उडवलेल्या प्रत्येक थव्याची ती साठवण थोडी खर्ची पडते. उडत्या थव्याचे चित्र हवे असेल, तर ते स्वतः उठतील तोवर थांबावे. सकाळी ते उठतातच.

प्रश्न : कणकुंबीत राहतो. पावसाळ्यात चार महिने कॅमेरा बॅगेत ठेवला आणि बाहेर काढला तेव्हा लेन्सला बुरशी लागली होती. तांदळाच्या डब्यात ठेवावा का?

उत्तर : तांदूळ ओलावा फारसा शोषत नाही आणि त्याची भुकटी लेन्सच्या कड्यात शिरते, म्हणून तो उपाय टाळावा. बॅग ही तर बुरशीला सर्वांत सोयीची जागा, कारण तिचे अस्तर ओल धरून ठेवते. रबरी कडा असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ, एवढ्यावर काम भागते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. ६० च्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो आणि फार खाली गेली की लेन्समधील वंगण सुकते. सिलिका जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येते, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. बुरशी लागलेली लेन्स इतर सामानापासून वेगळी ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्यावी. पावसाळाभर कॅमेरा बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरणे हे त्याच्या तब्येतीलाही चांगले.

प्रश्न : मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवला की तो लगेच समोर येतो. हे करणे चूक आहे का? — निपाणी व चिक्कोडी येथील दोन वाचक

उत्तर : होय. पक्षी समोर येतो तो आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला आहे असे समजून, त्याला हाकलण्यासाठी. विणीच्या काळात अन्न शोधण्याची आणि पिलांना भरवण्याची वेळ तो न दिसणाऱ्या शत्रूचा शोध घेण्यात घालवतो. एका ठिकाणी दिवसातून पाच जणांनी तोच आवाज वाजवला, तर काय होत असेल याचा विचार करावा. आवाज ओळखण्यासाठी ऐकायचा असेल, तर घरी किंवा कानात इअरफोन घालून ऐकावा.

प्रश्न : आमच्या घरामागच्या रानात जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाचे घरटे आहे. गेल्या वर्षी मी फोटो काढून जागेसह समाजमाध्यमावर टाकला आणि पुढच्या रविवारी तीन गाड्या आल्या. यंदाही जोडी तिथे फिरताना दिसते आहे. ही माणसे येऊ द्यावीत का? मी स्वतः फोटो काढावेत का? — एक शेतकरी वाचक, हल्याळ तालुका

उत्तर : आपले पत्र वाचून बरे वाटले, कारण गाड्या आल्यावर अभिमान वाटण्याऐवजी आपल्याला शंका आली. या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

धनेशाची वीण इतर पक्ष्यांपेक्षा वेगळी आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी ढोलीत शिरते आणि माती, विष्ठा व फळांचा गर यांनी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते; चोच बाहेर येईल एवढीच उभी फट उरते. आत असताना तिची उडण्याची पिसे झडतात, त्यामुळे अनेक आठवडे ती उडू शकत नाही. तिचे आणि पिलांचे सारे पोषण एकट्या नरावर असते. तो वड, पिंपळ, उंबर यांची फळे घशात साठवून आणतो आणि फटीशी टेकून एकेक फळ पुढे काढून तिच्या चोचीत देतो. मी एकदा दुर्बिणीतून दूरवरून हे पाहिले आहे: नराने मान किंचित झटकली, चोचीच्या टोकाशी लालसर उंबर आले, आतून पिवळी चोच हळूच पुढे आली आणि फळ आत गेले, असे तो चौदा वेळा करून उडून गेला. घरट्याशी माणूस दिसला, तर नर जवळ येत नाही. तो दूरच्या झाडावर बसून राहतो आणि आतली दोन-तीन पोटे वाट पाहत राहतात. कॅमेरा घेतलेल्या माणसाला मात्र वाटते की आज नर उशिरा येतो आहे.

यावर कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात जंगली पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणे याचाही समावेश होतो. म्हणजे हातात बंदूक नसली, तरी माणूस कायद्याने शिकारी ठरू शकतो. आपल्या भागात काळी नदीकाठचे सुमारे ५२ चौरस किलोमीटर जंगल २०११ मध्ये खास धनेशासाठी संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाले. आपले झाड त्या क्षेत्राबाहेर असले, तरी कायदा तेथेही लागू होतो.

माझी स्वतःची एक चूक येथे सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी जांबोटीच्या रस्त्यालगत करवंदाच्या जाळीत मला लालबुड्या बुलबुलाचे घरटे सापडले. वाटीएवढे घरटे, त्यात डोळे न उघडलेली तीन पिले. जराशी फांदी हलली की तिन्ही लाल तोंडे एकदम वर उघडत. समोर दोन काटेरी डहाळ्या आडव्या येत होत्या. मी त्या तोडल्या नाहीत, एवढी काळजी घेतली असे मला तेव्हा वाटले. सुतळीने बाजूला ओढून बांधल्या, चित्रे घेतली आणि निघताना सुतळी सोडायला विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर घरटे रिकामे होते, एका बाजूने फाटलेले होते आणि जाळीच्या तळाशी एक भारद्वाज चालत होता. त्या दोन डहाळ्या म्हणजेच त्या घरट्याचे दार होते. बुलबुलाच्या जोडीने आठ-दहा दिवस येरझाऱ्या घालून जी जागा लपवून ठेवली होती, ती मी पंधरा मिनिटांत उघडी केली. ती चित्रे मी कोणालाही दाखवली नाहीत आणि त्यानंतर घरट्याचे एकही चित्र घेतले नाही.

म्हणून माझा सल्ला असा की यंदा कोणालाही येऊ देऊ नये आणि आपणही ढोलीसमोर जाऊ नये. जुन्या चित्रासोबत टाकलेला जागेचा उल्लेख काढून टाकावा. मोबाइलने काढलेल्या चित्रात ठिकाणाची नोंद आपोआप जाते, ती सोय सेटिंगमधून बंद करावी. चित्रे हवीच असतील, तर घरट्यापासून लांब, फळांनी लगडलेल्या वडाखाली बसावे. फळे पिकली की नर तेथे दिवसातून अनेकदा येतो, हिरवे कबुतर आणि तांबटही येतात, आणि तेथे कोणाच्या तोंडचा घास हिरावला जात नाही. घरट्याशी करण्याजोगे काम एकच, ते म्हणजे मादी आत कधी गेली, पिले बाहेर कधी आली, याची घराच्या पडवीतून तारीखवार नोंद ठेवणे. अशी नोंद आपल्यासारख्या जागेवर राहणाऱ्या माणसालाच ठेवता येते. रविवारी गाडीतून येणाऱ्याला ती जमणार नाही. आणि ते जुने झाड तोडायला कोणी आले, तर नोंदवही उपयोगी पडेल, कारण धनेश ढोली स्वतः कोरत नाही. तयार ढोली लाभेल असे मोठे झाड मिळाले तरच त्याची वीण होते.

प्रश्न : भीमगड अभयारण्यात कॅमेरा घेऊन जाण्यासाठी काय करावे लागते? बारापेडे गुहेतील वटवाघळांचे फोटो काढता येतील का? — महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा गट, खानापूर

उत्तर : भीमगड २०११ मध्ये अभयारण्य घोषित झाल्यामुळे तेथे प्रवेश व छायाचित्रण यांसाठी वनविभागाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज लेखी द्यावा, त्यात गटातील सर्वांची नावे, जाण्याची तारीख, वाट आणि हेतू लिहावा आणि उत्तर हाती आल्याशिवाय निघू नये. ओळखीच्या माणसाने ‘सोडतो’ म्हटले म्हणून आत जाणे ही परवानगी नव्हे.

बारापेडे गुहेचा विचार मात्र सोडून द्यावा. तेथील रॉटनच्या नावाने ओळखले जाणारे वटवाघूळ १९१३ मध्ये प्रथम शास्त्रीय नोंदीत आले आणि पुढे अनेक दशके जगाला त्याचे हे एकच ठिकाण माहीत होते. गुहेत विश्रांती घेणाऱ्या वटवाघळांवर फ्लॅशचा झोत पडला की सारी वसाहत उधळते, आणि आईला बिलगलेले पिलू खाली पडले, तर त्याचा जीव वाचणे कठीण असते. अभयारण्यात चित्रे घेण्याजोगे इतके आहे की गुहेची उणीव भासणार नाही.

सोबत येणाऱ्या वनरक्षकाला आधी ऐकून घ्यावे. आपल्याकडे बहुतेक जण मराठी समजतात, तरी पक्ष्यांची दोन-चार कानडी नावे पाठ करून जावीत. धनेशाला ‘मंगट्टे’, खंड्याला ‘मिंचुळ्ळी’, मोराला ‘नविलु’ म्हटले की बोलणे लगेच सुरू होते. आणि कोणत्या नाल्यावर या आठवड्यात काय दिसले, ते त्याच्याइतके नेमके दुसऱ्या कोणालाच माहीत नसते.